ब्रेकर व्होल्टेज बघत नाही

मे महिना उजाडला की उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांत आरव्ही भाड्याने घेऊन फिरायचे बेत सुरू होतात. दोन कुटुंबं मिळून गाडी ठरवतात, यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनचा रस्ता आखतात, आणि मग आधी जाऊन आलेल्यांकडून सल्ले येतात. त्यातला एक सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की त्याला आता सविस्तर उत्तर दिलंच पाहिजे. तो असा: कॅम्पग्राउंडवर विजेची काळजी करू नका. पेडेस्टलला, म्हणजे साइटवरच्या विजेच्या खांबाला, ब्रेकर असतो, अमेरिकेत व्होल्टेज हलत नाही, सगळं तपासून पास झालेलं असतं. ते तीन-साडेतीनशे डॉलरचं संरक्षक उपकरण म्हणजे लोकांना घाबरवून माल खपवण्याचा प्रकार.

हा सल्ला देणारी माणसं बेफिकीर नसतात. बरेच जण इंजिनिअर असतात, वर्षानुवर्षं फिरलेले असतात आणि त्यांचं काही जळलेलं नसतं. म्हणूनच त्यांचं ऐकलं जातं. पण त्यांच्या म्हणण्यातला एकेक मुद्दा तपासला तर तो टिकत नाही.

ब्रेकरपासूनच सुरुवात करू. ब्रेकर तारेचं रक्षण करतो. तीस अँपियरच्या तारेतून त्याहून जास्त प्रवाह बराच वेळ वाहून ती तापू नये, आणि शॉर्टसर्किट झालं तर पुरवठा लगेच तुटावा, एवढंच त्याचं काम. तारेत १२० व्होल्ट आहेत, ९८ आहेत की १८०, हे त्याला कळत नाही, कारण ते कळावं म्हणून तो बनवलेलाच नाही. आता छपरावरचा एसी घ्या. १३,५०० बीटीयूचा एसी चालू असताना साधारण १३ अँपियर घेतो. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १२० चे १०० व्होल्ट झाले तर जोर ६९ टक्क्यांवर येतो. कॉम्प्रेसरला दाबायचा वायू मात्र तेवढाच असतो. मग मोटर मंदावते, जास्त प्रवाह खेचते आणि वाइंडिंग तापतं. प्रवाह १३ चा १६ झाला तरी तीस अँपियरच्या ब्रेकरला त्यात वावगं काही दिसत नाही.

यावर उत्तर येतं की कॉम्प्रेसरला स्वतःचा ओव्हरलोड असतो. असतो, खरं आहे. पण तो मोटर तापल्यावर सुटतो, तापण्याआधी नाही. थंड झाला की पुन्हा जोडतो, पुन्हा तापतो, पुन्हा सुटतो. वाइंडिंगवरच्या आवरणाबद्दल इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये एक जुना ढोबळ नियम आहे: तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की आवरणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे कमी दाबाखाली काढलेली एक दुपार एसीला त्याच दिवशी मारत नाही. तो पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्याच कुणाच्या सहलीत बंद पडतो. ‘आमचं काही जळलं नाही’ या अनुभवाला मी म्हणूनच फारसं वजन देत नाही. भाड्याच्या गाडीत तर नाहीच, कारण नुकसान करणारा आणि ते भोगणारा यांची कधी भेटच होत नाही.

हे मराठी माणसाला पटवून द्यावं लागावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, विहिरीवरची मोटर कशाने जळते. डीपीवर लोड आला, दाब पडला, मोटर गुरगुरत राहिली, बंद करायला उशीर झाला आणि वाइंडिंग गेलं. तालुक्यातली रिवाइंडिंगची दुकानं त्यावर चालतात. आपल्या आईवडिलांनी स्टॅबिलायझर आणल्याशिवाय फ्रिज सुरू केला नव्हता. ही शहाणीव घेऊन आपण इथे आलो आणि इथल्या घरातला दिवा कधी मिणमिणला नाही म्हणून ती टाकून दिली.

इथल्या घरातला दिवा मिणमिणत नाही, हे खरंच आहे. १२० व्होल्टच्या पाच टक्के खाली-वर, म्हणजे ११४ ते १२६ या पट्ट्यात पुरवठा राहावा असं अमेरिकन मानक आहे आणि शहरांत वीज कंपन्या ते बहुतेक वेळा पाळतात. पण हे मानक कंपनी जिथे वीज तुमच्या हवाली करते तिथपर्यंतचं आहे. मीटरच्या पलीकडची केबल कॅम्पग्राउंडच्या मालकाची. ती किती लांब, किती जाड, किती जुनी, जमिनीखालचे तिचे सांधे कसे आहेत, हे गाडी लावणाऱ्याला दिसत नाही आणि कुणी सांगतही नाही.

ही कॅम्पग्राउंडं कधीची आहेत तेही बघा. केओए ही साखळी १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्ज गावी सुरू झाली आणि पुढच्या दोन दशकांत देशभर अशा जागांचं पेव फुटलं. तेव्हाच्या ट्रेलरमध्ये चार दिवे, एक पंखा, फार तर एक छोटा फ्रिज असायचा. आजच्या मोठ्या मोटरहोमच्या छपरावर दोन एसी असतात, आत मायक्रोवेव्ह, विजेवरचा गीझर आणि घरातल्यासारखा फ्रिज. त्यात आपण राइस कुकर, इन्स्टंट पॉट आणि इंडक्शन शेगडी घेऊन चढतो. तीस अँपियरच्या जोडणीत एकूण ३,६०० वॅट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह मिळूनच तीन हजारांच्या आसपास जातात.

‘पण सगळं कोडप्रमाणे असतं.’ असेल. मग कोड काय म्हणतो तेही वाचावं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ५५१ आरव्ही आणि आरव्ही पार्कांसाठी आहे. मुख्य पुरवठा आणि त्यापुढच्या फीडरचा हिशेब करताना सगळ्या साइट एकदम पूर्ण भार घेणार नाहीत असं तिथे गृहीत धरलेलं आहे. साइट एक असेल तर भार शंभर टक्के धरायचा, सहा असतील तर ६० टक्के, ३६ किंवा अधिक असतील तर ४१ टक्के. एरवी हा हिशेब रास्त आहे, कारण वसंतात कुणाचा एसी चालू असतो, कुणाचा नसतो. पण लेक हवासू किंवा लाफलिनसारख्या वाळवंटी गावात, जुलैमध्ये, पारा चाळीस अंशांच्या वर असताना दुपारी चार वाजता प्रत्येक छपरावरचा प्रत्येक एसी चालू असतो. ज्या गृहीतकावर केबलची जाडी ठरली ते नेमकं त्या वेळी कोसळतं. लांब तारेत व्होल्टेज किती पडू द्यावं याबद्दल तोच कोड तीन आणि पाच टक्क्यांचे आकडे देतो, पण ते टिपेत, मार्गदर्शन म्हणून. ते बंधनकारक नाहीत. शिवाय कोड दर तीन वर्षांनी सुधारला गेला तरी जुन्या बांधकामाला नवा नियम सहसा आपोआप लागू होत नाही. तेव्हा ‘कोडप्रमाणे आहे’ या वाक्यातून एवढंच निघतं की बांधलं तेव्हा ते त्या वेळच्या नियमात बसलं होतं.

त्यानंतरची झीज वेगळीच. घरातल्या विजेच्या शेगडीमागच्या पन्नास अँपियरच्या सॉकेटमध्ये प्लग एकदा बसतो तो शेगडी बदलेपर्यंत. त्याच जातीच्या सॉकेटमध्ये कॅम्पग्राउंडवर रोज नवी गाडी प्लग घालते आणि काढते, तेही अनेकदा ब्रेकर बंद न करता, म्हणजे ठिणगी पाडत. आतली पट्टी सैल होते, काळवंडते. अलीकडे विजेच्या मोटारीही आरव्ही पार्कात याच सॉकेटवर तासन्‌तास चार्ज होतात. सैल सांध्याचा रोध एक दशांश ओहम झाला आणि त्यातून ३० अँपियर वाहिले, तर तिथे ९० वॅट उष्णता तयार होते. जुन्या पिवळ्या बल्बची सगळी उष्णता मुठीएवढ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये कोंडली तर जे होईल तेच इथे होतं. प्लग वितळलेले, सॉकेट करपलेले पेडेस्टल हे आरव्हीवाल्यांच्या नित्याच्या बोलण्यातलं आहे. ब्रेकर इथेही गप्प राहतो, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

कमी दाब हळूहळू मारतो. न्यूट्रल गेला तर एका क्षणात सगळं जातं. वाड्यात किंवा चाळीत राहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे: न्यूट्रल तुटला आणि काही घरांतले टीव्ही, ट्यूब, पंखे एकदम गेले. पन्नास अँपियरच्या आरव्हीत तीच गोष्ट वेगळ्या आकड्यांत घडते. तिथे चार तारा येतात: १२० व्होल्टच्या दोन, एक न्यूट्रल, एक अर्थिंग. त्या दोन तारांमध्ये आपापसात २४० व्होल्ट असतात आणि न्यूट्रल ते मधोमध वाटून देतो. पेडेस्टलमधला न्यूट्रलचा सांधा सुटला की दोन्ही बाजूंची उपकरणं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात भाराप्रमाणे विभागले जातात. एका बाजूला एसी, रोध समजा १० ओहम. दुसऱ्या बाजूला हलका भार, ३० ओहम. एसीला ६० व्होल्ट मिळतात आणि हलक्या बाजूला १८०. त्या हलक्या बाजूलाच टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर असतो. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० पर्यंत काहीही सोसतो, तो वाचेल. बाकीच्यांचं सांगता येत नाही. तीस अँपियरच्या गाडीत एकच १२० ची तार असल्याने न्यूट्रल तुटला तर नुसती वीज जाते. भाड्याने घेतलेल्या बऱ्याच गाड्या तीस अँपियरच्या असतात, त्यांना हा एक धोका नाही, हे मी मान्य करतो. इतर सगळे आहेत.

काही जण म्हणतात, आम्ही ऐंशी डॉलरचा सर्ज प्रोटेक्टर घेतला आहे, पुरे. त्यांनी डब्यावरचं नीट वाचावं. नुसत्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये झिंक ऑक्साइडची चकती असते. मायक्रोसेकंदांपुरती उसळी आली तर ती स्वतः झिजून ती उसळी गिळते. लांबवर पडलेल्या विजेसाठी किंवा ग्रिडच्या धक्क्यासाठी ती चांगली आहे. (वीज थेट गाडीवर किंवा शेजारच्या खांबावर पडली तर कुठलंच उपकरण वाचवत नाही, तसा दावा करणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.) पण तासभर टिकणारे ९८ व्होल्ट किंवा न्यूट्रल गेल्यावरचे १८० व्होल्ट यांच्यापुढे तिचा उपयोग नाही. त्यासाठी लागतं ते ईएमएस, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं तीन-साडेतीनशे डॉलरचं उपकरण. ते आधी पेडेस्टल तपासतं: तारा उलट्या नाहीत ना, अर्थिंग आहे का, व्होल्टेज किती. मगच वीज आत सोडतं. साधारण १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की पुरवठा तोडतं, आणि सगळं सावरल्यावर कॉम्प्रेसरमधला दाब उतरावा म्हणून दोनेक मिनिटं थांबून जोडतं. घरच्या स्टॅबिलायझरवरचा ‘टाइम डिले’चा दिवा आठवत असेल तर यात समजावण्यासारखं काही उरत नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. जळालेला एसी बदलता येतो. आरव्हीचा सांगाडा धातूचा, बऱ्याच गाड्यांचा पत्राही अॅल्युमिनियमचा. ती उभी असते रबरी टायरवर, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. पेडेस्टलमधून येणारी अर्थिंगची तार हाच काय तो तिचा आधार. ती तार तुटली, गंजली किंवा मुळात जोडलीच नसली, आणि आतल्या गीझरच्या कॉइलमधून किंवा एखाद्या खरचटलेल्या वायरमधून वीज सांगाड्यात उतरली, तर पूर्ण गाडी ‘जिवंत’ होते. आतल्याला काही कळत नाही, कारण त्याच्याभोवती सगळंच सारख्या व्होल्टेजवर असतं. धक्का बसतो तो ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरणाऱ्याला. ते मूलही असू शकतं, तळ्यातून पोहून आलेलं.

इथे ब्रेकरचा हिशेब मांडून बघा. साधारण १० मिलिअँपियरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली मूठ सोडवत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपियरमध्ये हृदयाची लय बिघडू शकते. ब्रेकर ३० अँपियरचा आहे, म्हणजे ३०,००० मिलिअँपियर. माणूस त्या मुठीला चिकटून राहिला तरी ब्रेकर हलणार नाही. घरातल्या बाथरूमसारखं पाचेक मिलिअँपियरला तुटणारं जीएफसीआय पेडेस्टलवरच्या छोट्या, वीस अँपियरच्या सॉकेटला असतं. तीस आणि पन्नास अँपियरच्या सॉकेटना कोड ते सक्तीचं करत नाही. ‘ब्रेकर आहे ना’ म्हणून निर्धास्त असलेल्या बापाला ही एक गोष्ट कळली तरी माझं काम झालं.

माइक सोकोल हे अमेरिकन तज्ज्ञ आरव्हीवाल्यांना हेच वर्षानुवर्षं शिकवत आले आहेत. त्यांनी दाखवून दिलेला एक प्रकार तर फार भयंकर आहे. जुन्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार नसते, म्हणून कुणीतरी अर्थिंगचा आणि न्यूट्रलचा स्क्रू आपसात जोडून टाकतं, आणि मागे फेज-न्यूट्रल उलटे लागलेले असतात. मग अर्थिंगच्याच पिनेत १२० व्होल्ट येतात. बाजारात दहा डॉलरला मिळणारा तीन दिव्यांचा टेस्टर अशा सॉकेटला ‘सगळं ठीक’ दाखवतो, कारण तो तिन्ही पिनांची आपापसात तुलना करतो, जमिनीशी नाही. इथे ईएमएसचीही मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर मीही विक्रेत्यांच्याच पंक्तीत बसेन: तेही याच पिनांवर विसंबून असतं आणि अर्थिंगची तार सहसा तोडत नाही. यावर उपाय आहे तो वीसेक डॉलरचा, न टेकवता व्होल्टेज ओळखणारा पेनसारखा टेस्टर. प्लग लावला की जमिनीवर उभं राहून तो गाडीच्या धातूजवळ न्यायचा. तो बोलला तर गाडीला हात लावायचा नाही, कुणाला पायरीवर चढू द्यायचं नाही, आणि पेडेस्टलचा ब्रेकर उतरवायचा. हे ईएमएस असतानाही करायचं.

हा प्रकार कॅम्पग्राउंडपेक्षा जास्त कुठे सापडतो, तर ओळखीच्यांच्या दारात. वाटेत एडिसनला मावशीकडे मुक्काम, गाडी ड्राइव्हवेत, गॅरेजमधल्या सॉकेटमधून नारिंगी एक्स्टेन्शन. जुन्या घरातल्या त्या सॉकेटला खरं अर्थिंग असेलच असं नाही. सोळा गेजची शंभर फुटी वायर असेल तर एका एसीच्या १३ अँपियरला तिच्यातच दहा व्होल्ट जातात. आणि मावशीने हौसेने इलेक्ट्रिशियन बोलावून ‘आरव्हीचं सॉकेट’ बसवून घेतलं असेल तर आणखी जपायला हवं. तीस अँपियरचं हे सॉकेट कपडे वाळवायच्या यंत्राचं समजून त्यात २४० व्होल्ट देण्याची चूक इतकी सर्रास होते की आरव्हीचे मेकॅनिक ती पाठ म्हणून दाखवतील. प्लग बसतो, आणि १२० च्या गाडीत दुप्पट दाब जातो. ईएमएस असेल तर ते आधीच थांबवतं. मावशीच्या इलेक्ट्रिशियनकडे लायसन्स होतं, तेव्हा इन्स्पेक्शनवर भिस्त ठेवणाऱ्यांनी या उदाहरणावर थोडं थांबावं.

विरोधातला एक मुद्दा मात्र वजनदार आहे. लोक विचारतात, भर दुपारी १०३ व्होल्ट झाले म्हणून उपकरणाने एसी तोडला आणि आत कुत्रा किंवा झोपलेले आजोबा असतील तर? कमी दाबात का होईना, एसी चालू राहिलेला बरा नाही का? ही काळजी खरी आहे आणि तिला झटकून टाकणारे उपकरणवाले मला आवडत नाहीत. पण १०३ वर चालू ठेवलेला एसी चालत राहीलच याची हमी कुठे आहे? व्होल्टेज आणखी पडलं की कॉम्प्रेसर अडकतो, त्याचा ओव्हरलोड सुटतो, आणि एसी तसाही बंद पडतो, यावेळी कदाचित कायमचा. उपकरणाने तोडलेला एसी व्होल्टेज सावरलं की परत येतो. तेव्हा उष्णतेत बंद गाडीत कुणाला एकटं ठेवायचंच नाही, आणि उपकरण फोनवर कळवणारं असेल तर ती सोय वापरायची. भार कमी केला तर बरेचदा प्रश्नच उरत नाही: गीझर गॅसवर टाका, इन्स्टंट पॉट संध्याकाळनंतर लावा. व्होल्टेज दहा टक्के चढवून देणारे ऑटोफॉर्मरही मिळतात. ते तुमचं भागवतात, पण त्यासाठी पेडेस्टलमधून जास्त प्रवाह ओढतात आणि त्याच लाइनवरच्या शेजाऱ्याचा दाब आणखी पाडतात. मी ते सुचवणार नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद: गाडी भाड्याची, विमा आहे, आपल्याला काय. डिपॉझिटमधून काय कापलं जाईल ते करारात वाचून घ्या, पण तो गौण मुद्दा आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आईवडील गाडीत आहेत, बाहेर ४३ अंश, जवळचं शहर दीडशे मैलांवर, आणि एसी गेला. विम्याचा चेक तेव्हा कुणाच्या कामी येणार? भाड्याने गाड्या देणाऱ्यांनीच प्रत्येक गाडीत ईएमएस कायमचं बसवून द्यावं, अशी माझी मागणी आहे. अग्निशामक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गाडीत असतात, त्यांच्याबद्दल कुणी ‘भीती विकता’ म्हणत नाही. तोवर बुकिंग करतानाच विचारा, गाडीत ईएमएस आहे का. नसेल तर स्वतःचं न्या. पेडेस्टलला टांगायचं तीस अँपियरचं उपकरण चार कुटुंबांनी मिळून घेतलं तर एकेकाला शंभर डॉलरही पडत नाहीत, आणि ते आळीपाळीने वापरता येतं. आपल्या महाराष्ट्र मंडळांनी पुस्तकांसारखं तेही सभासदांना द्यायला काय हरकत आहे?

साइटवर पोहोचल्यावर क्रम असा ठेवा. ब्रेकर उतरवा, सॉकेट काळवंडलेलं किंवा सैल नाही ना ते बघा, उपकरण लावा, ब्रेकर चढवा, त्याचा निकाल येईपर्यंत गाडी जोडू नका. मग ब्रेकर पुन्हा उतरवून गाडी जोडा, ब्रेकर चढवा आणि टेस्टर धातूजवळ न्या. काही चुकीचं दिसलं तर ऑफिसात जाऊन दुसरी साइट मागा, शक्य तर मुख्य पॅनेलजवळची, कारण रांगेच्या टोकाला दाब सगळ्यात कमी असतो. आणि तक्रार तोंडी करू नका. साइटचा नंबर, वेळ, किती व्होल्ट दिसले, कोणती तार चुकीची दाखवली, हे कागदावर लिहून द्या आणि फोटो जोडा. तुमच्यानंतर त्या साइटवर येणाऱ्याकडे कदाचित काहीच उपकरण नसेल.